मशीनले दम खाऊ द्या

मिरची-मसाल्याच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाला किस्से लक्षात ठेवावे लागत नाहीत. मिरचीची पूड जशी ओढणीत, पर्सच्या चेनमध्ये, डब्याच्या झाकणाखाली जाऊन बसते, तसेच तेही कुठेकुठे जाऊन बसतात. घरी येऊन ओढणी झटकली की आधी सगळ्यांना शिंका येतात आणि मग एखादा किस्सा बाहेर पडतो. माझा नवरा म्हणतो, "तुमच्या कारखान्यात काम कधी होते गं? नुसते किस्सेच तं होऊन राह्यले!"

त्याचं अगदीच चूक नाही. आमचा कारखाना चिखलीच्या बाहेर आहे. फार मोठा नाही. मिरची, हळद, धने आणि सणासुदीला काळा मसाला. मी तिथे प्लॅनिंग बघते. म्हणजे कोणत्या मशीनवर आज कोणता माल आणि किती बॅच, हे सकाळी फळ्यावर लिहायचं आणि ते का झालं नाही यावरून संध्याकाळी भांडायचं! भांडायला मला आवडतंही. राग माझ्या नाकावरच असतो, आणि मिरचीच्या कारखान्यात नाक तसंही लालच असतं.

मशीनने जेवढं काम करायला हवं, त्यातलं तिने खरोखर किती केलं, याला एफिशियन्सी म्हणतात. आमच्याकडे एवढा मोठा शब्द कोणी तोंडात घेत नाही. आमच्याकडे त्याला म्हणतात टक्का. टक्का पडला की बॅच कमी निघतात, बॅच कमी निघाल्या की गाडी उशिरा भरते, आणि गाडी उशिरा भरली की शेठ मला केबिनमध्ये बोलावतात. आमचं सगळं शास्त्र एवढंच.

आणि किस्से म्हणाल तर निम्म्याहून जास्त साबीरचाचांचे. चाचा दळायच्या मशीनवर ऑपरेटर होते. उंच, वाकलेले, डोक्याला कायम लाल रुमाल. रुमाल मुळात पांढरा होता असं ते सांगायचे.

*

मी नवीन लागले तेव्हाची गोष्ट. पहिला प्लॅन मोठ्या झोकात फळ्यावर लिहिला. अक्षर सुंदर, रंगीत मार्कर, सगळं काही. चाचा फळ्यासमोर उभे राहिले, वरपासून खालपर्यंत वाचलं आणि मान हलवून म्हणाले, "ताई, बाकी सगळं बराबर हाय. पण याच्यात दम नाही."

माझं डोकंच फिरलं. पहिला दिवस, आणि हा माणूस सगळ्यांसमोर म्हणतो प्लॅनमध्ये दम नाही! मी म्हटलं, "चाचा, मी तीन वेळा हिशेब केलाय. दम नाही म्हणजे काय? तुम्ही करून दाखवा दमदार प्लॅन!"

चाचा गोंधळले. "मी कायले करू? मी फक्त म्हणून राह्यलो का दम टाका. हरेक बॅचच्या मागं दम पाह्यजे."

"प्रत्येक बॅचमध्ये दम आहे! नीट वाचा!"

"कुठं हाय? दाखवा मले."

देठं खुडणाऱ्या बायका हात थांबवून ऐकत होत्या. शेवटी त्यांच्यातल्या कौसाबाई उठल्या. कौसाबाई म्हणजे आमच्या बायकांच्या गँगच्या लीडर. रोज सकाळी खणखणीत "जय भीम ताई!" म्हणत आत येणार आणि मग दिवसभर कोणाचं ऐकणार नाहीत. त्या म्हणाल्या, "अवो ताई, मिरची दळली का मशीन तापते. तापल्या मशीनमंदी मिरची टाकली का तिचा रंग जाते. म्हणून जरा थांबा लागते. त्याले आमी दम म्हंतो. मशीनले दम खाऊ द्या लागते."

मी फळ्यावर बोट ठेवलं. प्रत्येक बॅचपुढे मी सुंदर अक्षरात 'कूलिंग' लिहिलं होतं.

चाचांनी ते परत वाचलं. मग म्हणाले, "हे कूलिंग व्हय? मले वाटलं कूलर लावून राह्यल्या!"

त्या दिवशी मी कूलिंग पुसलं आणि दम लिहिलं. तेव्हापासून आमच्या फळ्यावर मिरची, दम, मिरची, दम असंच लिहिलेलं असतं. बाहेरचा माणूस आला की जरा दचकतो.

*

मशीन गुजरातची. तिथल्या इंजिनिअरशी फोनवर बोलायचं काम एकदा चाचांवर आलं, कारण चाचांची हिंदी आमच्यात सगळ्यात बरी असा एक गैरसमज होता. मशीनचा आवाज चालू, चाचा एका कानात बोट घालून ओरडतायत, "साब! मशीन बहोत दम खाती है!"

तिकडून आवाज, "क्या खाती है?"

"दम! दम खाती है!"

"मिर्ची के साथ?"

"हां, हर बॅच के बाद! पहले थोडा खाती थी, अभी गर्मी में जास्त खाती है!"

मग इंजिनिअर एकदम कडक आवाजात म्हणाला, "देखो भाई, वो डालना बंद करो! मशीन में सिर्फ मिर्ची डालो!"

पुढे कितीतरी दिवस कोणी जरा टेकलं की बायका ओरडायच्या, "ओ चाचा, हिच्यात दम टाकनं बंद करा!" आणि सगळ्यात मोठ्याने चाचाच हसायचे. हसता हसता खोकायचे. तो खोकला हसण्याचा आहे असंच तेव्हा आम्हाला वाटायचं.

*

नंतर मात्र मशीनचा टक्का पडायला लागला.

एकदम नाही, हळूहळू. आधी एखादी बॅच कमी. मग दोन. दळायचा वेग तोच, वीज तीच, मिरची तीच. फक्त दोन बॅचमधला दम लांबत चालला होता. मी कारखान्याच्या ग्रुपवर तिखट मेसेज टाकला : 'मशीनला एवढा दम का लागतोय? कारण कळवा.'

कारणं धडाधड आली. कोणी म्हणालं पट्टा ढिला आहे. कोणी म्हणालं व्होल्टेज कमी आहे. कौसाबाईंच्या नातीने त्यांच्या फोनवरून लिहिलं की मिरची ओली आहे. एका माणसाने तर हवेत दमटपणा फार आहे असं लिहिलं. मे महिन्यात! चिखलीत!

मी चिडून थेट मशीनवर गेले. मशीन बंद होती. चाचा तिच्या मागच्या बाजूला पोत्यावर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढे, तोंड उघडं. खांदे वरखाली होत होते. हातात दम्याचा निळा पंप. नजर जमिनीवर होती, त्यामुळे त्यांना मी दिसले नाही.

कौसाबाईंना दिसले. त्या मशीनला पाठ लावून उभ्याच राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "मशीन अजून गरम हाय, ताई. हात नोका लावू, भाजन!"

मी हात लावला. मशीन गार होती. माठासारखी गार. कधीची थांबलेली असणार.

कौसाबाई माझ्याकडे बघत होत्या. बाकीच्या बायका खाली मान घालून देठं खुडत होत्या. मी हात काढून घेतला आणि म्हटलं, "हो. फारच गरम आहे."

*

आता तुम्ही म्हणाल, शेठना सरळ सांगायचं ना. आमचे शेठ वाईट माणूस असते तर सांगितलं असतं, भांडलो असतो, मोर्चा काढला असता. पण शेठ चांगला माणूस, हाच तर सगळा प्रॉब्लेम होता! त्यांना कळलं असतं तर त्यांनी चाचांना त्याच दिवशी मानाने घरी पाठवलं असतं. शाल, नारळ, फोटो, पेढे, सगळं केलं असतं. आणि चाचा एका गोष्टीला घाबरायचे, ती म्हणजे घरी बसणं. बायको जाऊन काही वर्षं झालेली. मुलगी मेहकरला दिलेली. "मले घरी नोका बसवू," एवढंच ते म्हणायचे. "शाल पांघरली का माणूस खतम."

तर आमच्या मदतीला वीज कंपनी धावून आली. लाईट गेली तर मशीन थांबलेली वेळ टक्क्यात धरत नाहीत. त्यामुळे लाईट गेली की अख्खा महाराष्ट्र कपाळाला हात लावतो, आणि आमच्याकडे बायका टाळ्या वाजवायच्या! चाचा निवांत बसायचे, कोणाला काही लपवावं लागायचं नाही आणि टक्काही शाबूत. कौसाबाई तर दुपारी ढग आले की आशेने वर बघायच्या.

मग शेठनी जनरेटर आणला.

एवढी सुतकी शांतता मी कारखान्यात कधी बघितली नव्हती. नारळ फोडला, हार घातला, पेढे वाटले, आणि एकाही बाईच्या चेहऱ्यावर हसू नाही. संध्याकाळी कौसाबाई केबिनमध्ये गेल्या. "शेठ, तो जनरेटर वापस देऊन टाका. लय आवाज करते."

शेठ म्हणाले, "कौसाबाई, चालू मशीनच्या बाजूले बसून तुमाले मागच्या वावरातला जनरेटर ऐकू येऊन राह्यला?"

"हाव. डोकं दुखते."

शेठनी दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट आणलं. म्हटलं ना, चांगला माणूस!

*

मग मी माझी अक्कल चालवली.

प्लॅनिंग करणाऱ्या कोणालाही विचारा, पहिला नियम काय? एकसारखा माल एकापाठोपाठ घ्या. मिरची असेल तर दिवसभर मिरचीच. कारण मिरचीनंतर हळद घ्यायची तर मशीन उघडून, पुसून, ब्रशने घासून स्वच्छ करावी लागते. त्यात वेळ जातो आणि बॅच बुडतात. पण साफसफाईची वेळ कोणी ऑपरेटरच्या नावावर धरत नाही. ती प्लॅनची वेळ. आणि साफसफाई करतात बायका. ऑपरेटर तेवढा वेळ बसला तर कोणी बोलत नाही.

मी फळ्यावर लिहिलं : धने, हळद, मिरची, हळद, मिरची, धने.

कौसाबाईंनी वाचलं. म्हणजे दिवसभर मशीन उघडा, घासा, पुसा, लावा, परत उघडा. नाकातोंडात मिरची आणि हात कोपरापर्यंत पिवळे. मला वाटलं आता या मला फाडून खातील. त्यांनी पदर खोचला आणि बायकांकडे वळून म्हणाल्या, "चला गं, बराशी घ्या. ताईनं आज दिवाळी काढली."

कोणी हूं की चूं केलं नाही. ज्या बायका चहाला जरा उशीर झाला तर आकाशपाताळ एक करतात, त्या दिवसातून कितीदा ती मशीन घासायच्या. आणि चाचा पोत्यावर बसून त्यांना सांगायचे, "तो कोपरा राह्यला. हाव, तिथंच." श्वास लागलेला असायचा, पण रुबाब बघा!

शेठ एक दिवस फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मला बोलावलं. "ताई, हे काय हो? धने, हळद, मिरची, हळद, मिरची. मसाल्याचा कारखाना हाय का भेळीची गाडी?"

मी म्हटलं, "नवीन पद्धत आहे, शेठ. ग्राहकाला सगळं ताजं मिळतं."

शेठ म्हणाले, "अस्सं." आणि निघून गेले.

खोटं सांगणार नाही, त्या काळात मला रात्री झोप लागायची नाही. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी चाचांना धुळीपासून लांब राहायला सांगितलं होतं, आणि मी माझ्या रंगीत मार्करने त्यांची जागा धुळीत पक्की करत होते. तोंडावरचा मास्क ते बोलताना खाली ओढायचे आणि वर करायला विसरायचे. आम्ही त्या माणसावर उपकार करत होतो की त्याचा जीव घेत होतो, ते मला कळत नव्हतं. अजूनही कळलेलं नाही.

*

शेवटी शेठनी गुजरातच्या इंजिनिअरला बोलावूनच घेतलं. तोच, 'सिर्फ मिर्ची डालो'वाला. प्रत्यक्षात अगदी किरकोळ निघाला, सोनेरी काड्यांचा चष्मा, बोलणं हळू. त्याने पट्टा बदलला, बेअरिंग बदललं, जाळी बदलली. मशीन नुसती गुणगुणायला लागली. टक्का तिथेच!

तो दिवसभर स्टूल टाकून मशीनसमोर बसला. आम्ही बायका घाबरून गेलो. चाचांनी त्या दिवशी एकदाही बसायचं नाही असं ठरवलं होतं. पहिली बॅच उभ्याने काढली. दुसरीही काढली. तिसऱ्या बॅचला त्यांनी मशीनचा खांब धरला, आणि धरला तो सोडला नाही. ओठ निळसर पडले होते. इंजिनिअर उठला, स्वतःचं स्टूल उचललं, चाचांच्या मागे नेऊन ठेवलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी शेठनी आम्हा सगळ्यांसमोर विचारलं, "हां साहब, बताओ. क्या खराबी है मशीन में?"

इंजिनिअरने चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाला, "मशीन की उमर हो गई है, शेठजी. लेकिन अभी निकालना मत. अच्छी मशीन है."

मशीनला आणून जेमतेम तीन वर्षं झाली होती. तिची पूजा शेठनी स्वतः केली होती!

शेठनी इंजिनिअरकडे बघितलं. मग मशीनकडे, आणि मग कोणाकडेच नाही. "ठीक है," म्हणाले. "चाय लेंगे ना आप?"

*

तरी पुढचा सीझन कोणाला चुकतो? उन्हाळा आला की घराघरातून वर्षाच्या तिखटाची मागणी येते आणि मशीनला दम खायलाही फुरसत मिळत नाही. नागपूरच्या मोठ्या व्यापाऱ्याची ऑर्डर होती. ती हुकली असती तर पुढच्या सीझनला निम्म्या बायकांना काम नव्हतं. शेठ मला म्हणाले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, या वक्ती टक्का पाह्यजे. कसा आणायचा ते तुम्ही पाहा."

म्हणजे मशीनवर दुसरा ऑपरेटर. हे चाचांना सांगायचं कोणी? कौसाबाई म्हणाल्या, "मी नाही सांगत बा." मी नवा प्लॅन करायचा म्हणून मार्कर घेऊन फळ्यापुढे उभी राहिले आणि तशीच उभी राहिले.

मागून चाचांचा आवाज आला. "ताई, एक पुसू का?"

"विचारा ना."

"तुमच्या प्लॅनमंदी माहा टक्का किती धरला?"

मी वळलेच नाही. म्हटलं, "चाचा, टक्का मशीनचा असतो. माणसाचा नसतो."

"मशीन तं चांगली हाय, ताई," चाचा म्हणाले. "मले माहीत नाही का? मीच चालवतो तिले."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं! लाईटचं, हळदीचं, गरम मशीनचं, सगळं. हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय हे आम्ही इतके दिवस त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते आमचं मन राखायला काही कळत नसल्याचं दाखवत होते. मला इतकं रडू आलं की मार्करचं टोपणच बसेना.

त्यांनीच मार्ग काढला. कोपऱ्यात आमचं जुनं कांडप होतं. लोखंडी मुसळं वरखाली होतात, एक बॅच निघायला दुपार होते, म्हणून त्याचा टक्का कोणी काढत नाही. शेठ फक्त घरच्यासाठी आणि पाहुण्यांना द्यायला त्यावर काळा मसाला करून घ्यायचे. चाचा म्हणाले, "मले त्याच्यावर टाका. ते बी म्हातारं, मी बी म्हातारा. पण घरी नोका पाठवू."

मी विचारलं, आणि आजवर हे का विचारलं नव्हतं कोण जाणे. म्हटलं, "चाचा, घरी असं काय आहे हो?"

"घरी काहीच नाही ना," ते म्हणाले. "तेच तं. घरी एकदम शांत राह्यते. मंग मले माही छाती ऐकू येते. शिटी वाजल्यावानी. बसलो तरी, झोपलो तरी. रातभर तेच ऐकत राह्यतो, का आता थांबते का मंग थांबते. अठी मशीन चालू राह्यली का मले मी ऐकूच येत नाही."

*

ऑर्डर वेळेवर गेली. नव्या ऑपरेटरने टक्का वर नेला, शेठनी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. कांडपावर चाचा पावसाळ्यापर्यंत आले. मग दोन दिवसांआड यायला लागले. मग आलेच नाहीत.

एका रविवारी मी आणि कौसाबाई त्यांच्या घरी गेलो. मुलगी रुबीना मेहकरहून येऊन राहिली होती. चाचा खाटेवर उशांना टेकून बसले होते. इतके बारीक झाले होते की मी आधी रुमाल ओळखला आणि मग माणूस. आम्ही काहीबाही बोललो. पाऊस कसा, एसटी कशी, नातीची परीक्षा कशी. मग बोलणं संपलं.

आणि मग ती शिटी ऐकू आली. बारीक, लांब. आत जाताना एक आणि बाहेर येताना एक. खोलीत दुसरा आवाजच नव्हता. आम्ही ती ऐकतोय हे चाचांना कळलं. त्यांनी मान फिरवली. कोणाच्या घरी न विचारता आत शिरल्यासारखं मला झालं.

कौसाबाई उठल्या. "रुबीना, मिक्सर हाय का वं घरी?"

"हाय ना मावशी. काय वाटायचं?"

"काही नाही. आन तू."

रुबीनाने मिक्सर आणला. कौसाबाईंनी तो खाटेजवळच्या प्लगला लावला, रिकामं भांडं बसवलं आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. रिकामा मिक्सर काय ओरडतो! सगळी खोली भरून गेली. चाचांनी दचकून डोळे उघडले, मिक्सरकडे बघितलं, कौसाबाईंकडे बघितलं. मग त्यांचे खांदे खाली आले. त्यांनी डोळे मिटले, आणि कारखान्यात आम्ही सगळे ओरडून बोलायचो तसं, होत्या नव्हत्या त्या आवाजात ओरडले, "ताई! आज प्लॅनमंदी काय हाय?"

मी ओरडले, "मिरची, चाचा! दिवसभर मिरची!"

"हळद नाही ना?"

"नाही! बिलकूल नाही!"

चाचा हसले. हसता हसता त्यांचा डोळा लागला. रुबीना तोंडावर ओढणी धरून म्हणाली की अब्बू कितीतरी रात्री झोपलेच नव्हते.

पण घरचा मिक्सर तो, किती चालणार? तापला, वास सुटला आणि बंद पडला. खोली शांत झाली आणि चाचांच्या पापण्या हलल्या. रुबीना चप्पल न घालता पळाली आणि शेजारचा मिक्सर घेऊन आली. तो तापायच्या आत समोरच्या घरचा आला. मग मशिदीमागच्या तिच्या आत्याचा. मी खाली बसले, मिक्सर ओळीने मांडले, कोणता लवकर तापतो आणि कोणता तग धरतो ते बघून पाळ्या लावल्या. एक बंद व्हायच्या आधी दुसरा चालू करायचा, मधे जागा ठेवायची नाही. कौसाबाई बटणं फिरवत होत्या. रुबीना तापलेल्यांना ओल्या फडक्याने पुसत होती. चाचा झोपले होते, तोंड जरा उघडं, लहान मुलासारखे.

अंधार पडायला आला तेव्हा दारात एक शेजारीण येऊन उभी राहिली. गल्लीतले सगळे मिक्सर या एका घरात गेलेले. तिने आत डोकावून आम्हा तिघींच्या तोंडाकडे बघितलं आणि ओरडून विचारलं, "दुपारपासून काय वाटून राह्यल्या वं एवढं?"

कौसाबाईंनी पदराने डोळे पुसले, पुढच्या मिक्सरचं बटण फिरवलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "मिरची."